विजयाबाई आणि रिकाम्या खुर्च्या

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीता स्वयंवर’ केलं, हे इथल्या पोरांना पाठ असतं. पण आमच्या हौशी ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की मी आधी दिग्दर्शिका-अभिनेत्री विजया मेहतांबद्दल बोलायला लागते.

बाई इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान या दिग्दर्शकांच्या हाताखाली शिकल्या. १९६० मध्ये तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांच्यासोबत त्यांनी ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाटकांची संस्था उभी केली. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ तिथलंच. आणि फ्रेंच नाटककार आयनेस्कोचं ‘खुर्च्या’! एक म्हातारं जोडपं, न दिसणारे पाहुणे आणि मंचावर वाढत जाणाऱ्या रिकाम्या खुर्च्या.

तालमीत हा प्रसंग मी पोरांकडून हमखास करून घेते, हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन. परवा म्हातारीचं काम करणारी मुलगी खुर्ची ठेवून तशीच वळली. म्हटलं, “अगं, पाहुणीचा पदर अडकलाय खुर्चीत, सोडव की!” ती थबकली, वाकली, दोन बोटांनी पदर सोडवला, वर बघून हसली. पुढचा मुलगा तिथून जाताना अंग चोरून गेला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. नटाला दिसलं की प्रेक्षकाला दिसतंच.

तरी बाईंचं खरं मोठेपण मला ‘रंगायन’नंतरच्या काळात दिसतं. संस्था फुटली, बंद पडली आणि बाई व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या. याला तडजोड म्हणणारे आजही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. दळवींचं ‘बॅरिस्टर’ घ्या: विक्रम गोखले बॅरिस्टर, मावशी स्वतः बाई. मग ‘हमीदाबाईची कोठी’, १९८५ मध्ये एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. प्रायोगिक नाटकात कमावलेली तालमीची शिस्त, नटाच्या बारीकसारीक हालचालीवरची मेहनत त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकापुढे ठेवली. व्यावसायिक नाटक दौऱ्यावर निघतं, गावोगाव जातं. मुंबईतल्या मूठभर जाणकारांपुरतंच ते काम राहिलं असतं, तर आमच्यासारख्यांच्या वाट्याला काय आलं असतं?

सध्या आम्ही ‘वाडा चिरेबंदी’चं वाचन करतोय. आईच्या भूमिकेसाठी कुणी मिळत नाहीये. सांगली-मिरजेत कुणाला वाचायची इच्छा असेल तर जरूर कळवा, अनुभव नसला तरी चालेल.