थांबायला जागा पाहिजे

"जुन्या गाडीचा पत्रा बघा सर, ठोकली तरी पोचा यायचा नाही, आताच्या गाड्या नुसता कागद." आठवी-नववीच्या पोरांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मी क्लासची सुरुवातच तिथनं करतो. पोरं हे घरात ऐकून येतात. आमच्या बेळगाव भागात लोखंडाला मान आहे, उद्यमबागच्या फाउंड्रीत नाहीतर मच्छेच्या मशीन शॉपात घरातलं कोणीतरी कामाला असतंच, त्यामुळे जड ते मजबूत आणि मजबूत ते सुरक्षित हा हिशोब लहानपणापासून डोक्यात बसलेला. मी स्वतः टूलरूममध्ये काम करतो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की गावच्या हायस्कूलात पोरांना घेऊन बसतो आणि गाडी धडकते तेव्हा नेमकं काय होतं तेवढंच शिकवतो. ट्रॅफिकच्या पाट्या, सिग्नल, दंड वगैरे सांगणारे बाकी लोक आहेत. "हळू चालव रे" हे तर त्यांना आई, आज्जी, शेजारचे काका सगळेच सांगतात आणि ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडतात. पण आकडा मांडून दाखवला, वस्तू हातात दिली की हीच पोरं गप्प बसून ऐकतात, हे मी बघितलंय.

तर पहिला आकडा असा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगानं भिंतीला धडकणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरनं, तीन मजल्यांवरनं खाली पडणं. वेग दुप्पट केला, १०० केला, की उंची दुप्पट होत नाही, चौपट होते, ४० मीटर. हे गणित फळ्यावर पोरांनाच करायला लावायचं, मी करून दाखवलं तर विश्वास ठेवत नाहीत. नववीतल्या एका पोरीनं सोडवलं आणि मागं वळून वर्गाला म्हणाली, "म्हणजे हायवेला आपण तेरा मजल्यांवर बसलेलो असतो की." होय, तेच.

आता पडलेला माणूस मरतो तो पडण्यानं मरत नाही, थांबण्यानं मरतो. किती जागेत थांबला यावर सगळं आहे. ५० च्या वेगातली गाडी पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपून थांबली तर आत बांधलेल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या १६ पट जोर येतो. तीच गाडी दगडासारखी घट्ट असती आणि ५ सेंटिमीटरात थांबली असती तर जोर जवळजवळ २०० पट. चेपलेलं बोनेट बघून "गाडी कामातनं गेली" म्हणतो आपण, पण ती तिच्या कामालाच आली असते. बेला बारेन्यी नावाचा इंजिनिअर मर्सिडीजमध्ये होता, त्यानं १९५१ च्या सुमारास ही कल्पना पेटंटसाठी मांडली की गाडीचं पुढचं आणि मागचं टोक मऊ ठेवायचं आणि मधली माणसांची खोली कडक ठेवायची. त्याआधी सगळ्यांची समजूत आपल्या पोरांसारखीच होती, जाड ते चांगलं.

मधली खोली कडक ठेवणं हा सोपा भाग नाही. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधला जो खांब असतो, गॅरेजवाले त्याला बी पिलर म्हणतात, तो आताच्या बऱ्याच गाड्यांत बोरॉन मिसळलेल्या स्टीलचा असतो. पत्रा ९०० डिग्रीच्या आसपास लालभडक तापवून डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, दाबतात आणि डायमध्येच झटक्यात थंड करतात. लोहार ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी पाजतो ना, तीच गोष्ट. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकद येते त्याला. हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात कारण कोयता प्रत्येकाच्या घरात आहे आणि हीट ट्रीटमेंटची भट्टी अर्ध्या पोरांच्या बाबांनी बघितलेली असते. एका डेंटिंगवाल्या मित्राच्या गॅरेजमध्ये पोरांना नेलं होतं तेव्हा त्यांनी स्वतः हात लावून बघितलं, बंपरच्या मागचा बीम, त्याच्या मागं अकॉर्डियनसारख्या घड्या पडलेला क्रॅश बॉक्स (चेपण्यासाठीच ठेवलेली पोकळ पेटी), एप्रन म्हणजे बोनेटखालचे बाजूचे पत्रे वाकलेले, आणि तरी पुढचं दार सहज उघडतंय. दार उघडतंय म्हणजे खोली शाबूत. तिथं मला काही बोलावंच लागलं नाही.

शाळेत आम्ही गाडी बनवतो ती प्लायवूडची, जुन्या बेअरिंगची चाकं, ड्रायव्हर शाडूच्या मातीचा (गणपतीच्या कारखान्यातनं उरलेली माती मागून आणतो). उतारावरनं सोडायची, खाली विटांची भिंत. पोरांनी ग्रुप करून पुढचा भाग डिझाइन करायचा आणि सामान एकच, जुन्या लग्नपत्रिका. कोणी नळ्या करतं, कोणी घड्या घालतं, कोणी पोकळ खोके. पत्रिकेच्या नळ्या तोंड भिंतीकडं करून लावल्या तर भारी चेपतात, आडव्या लावल्या तर लगेच चपट्या होऊन काम संपतं, हे पोरं आपापलं शोधून काढतात. मग मातीच्या माणसाकडं बघायचं. मोकळा बसवलेला माणूस गाडी थांबली तरी पुढं जातो आणि त्याचं तोंड भिंतीला लागून सपाट होतं, पुढचा भाग कितीही चांगला चेपला असू दे. मग पोरं त्याला दोऱ्यानं बांधतात आणि दोरा मातीत कापत जातो. मग कोणीतरी परकराचा नाडा आणतं, पट्टी रुंद, आणि माणूस जवळजवळ जसाच्या तसा. बेल्ट पाच सेंटिमीटर रुंद का असतो आणि तो पोटावर न ठेवता खाली कंबरेच्या हाडावर का बसवायचा हे त्यांना परत सांगावं लागत नाही. तीन ठिकाणी अडकणारा हा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ मध्ये आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. मला ही गोष्ट पोरांना सांगायला फार आवडते, इंजिनिअरिंगमध्ये असंही करता येतं हे त्यांना कळलं पाहिजे.

म्हणजे बघा, गाडी चेपून जी ६० सेंटिमीटरची जागा मिळवते ती फक्त गाडीला बांधलेल्या माणसाला मिळते. न बांधलेला माणूस तोवर त्याच वेगात पुढं जात असतो आणि त्याला थांबायला डॅशबोर्डची नाहीतर पुढच्या सीटची चार बोटं जागा. एअरबॅग आहे की, असं पोरं म्हणतात. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदात फुगते, डोळ्याची पापणी पडायच्या आत, आणि ती फुगताना माणूस जागेवर बसलेला असेल हे धरूनच तिचं गणित केलेलं असतं. बेल्ट नसलेला माणूस आधीच पुढं आलेला असतो आणि फुगती बॅग त्याच्या तोंडावर येते. म्हणून पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसणं हे मला बघवत नाही, आणि आपल्याकडं लग्नाला निघालेल्या दर दुसऱ्या गाडीत हेच असतं. मागच्या सीटचं तर कोणी नावच घेत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला, चांगली महागाची गाडी, पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. पोरांना एवढंच सांगतो आणि पुढं जातो, त्यावर भाषण करायची गरज नसते.

बंपरच्या पुढं ते स्टीलचं जाडजूड गार्ड बसवतात ना, त्यावर केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरमध्ये बंदी घातली, ती याच कारणानं. धक्का चेपणाऱ्या भागाला टाळून थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. तरी अजून दिसतात. एका पोरानं घरी जाऊन बाबांना गार्ड काढायला लावलं, मला हे बाबांनीच येऊन सांगितलं, जरा रागानं.

पण खरं सांगायचं तर ही पोरं कारमध्ये कमी आणि टू-व्हीलरवर जास्त असतात. दहावीची परीक्षा झाली की बुलेट नाहीतर स्प्लेंडर, लायसन्स नाही, तिघं बसून जांबोटी रोडनं चोर्ला घाटाकडं नाहीतर वंटमुरी घाटात. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना तीन वर्षांपर्यंत जेल आणि २५ हजार दंड आहे, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, हे सांगून ठेवतोच. पण त्यापेक्षा त्यांना हेल्मेट कापून दाखवलेलं लागतं. जुनं हेल्मेट हॅक्सॉनं मधोमध कापलं की आत दिसतो तो थर्माकोलचा दोनेक बोटं जाड थर. हाच बाईकवाल्याचा चेपणारा भाग, पूर्ण गाडीवर दुसरा कुठलाच नाही. बाकी सगळं शरीर उघडं. बाहेरचं कवच चकचकीत असून भागत नाही, तो थर चेपला पाहिजे, आणि तो एकदाच चेपतो, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. हायवेच्या कडेला दोन-तीनशे रुपयाला जे टोपीगत विकतात त्यात हा थरच नसतो, नुसता स्पंज आणि कापड. पोलिसाला दाखवायला चालेल, डोक्याला नाही. बक्कल न लावता घातलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. आयएसआय मार्क बघा, आयएस ४१५१ नंबर बघा, जून २०२१ पासून तो नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे.

आणि आमच्या भागाचा खरा प्रश्न म्हणजे ऊसाची ट्रॉली. कारखाने सुरू झाले की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, सगळीकडं रात्रीभर डबल ट्रॉली, पुढं स्पीकर फुल्ल, मागं एक लाइट नाही, आणि ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. ट्रॉलीचा मागचा भाग इतका उंच असतो की कार मागनं गेली तर बंपर, बीम, क्रॅश बॉक्स सगळं ट्रॉलीच्या खाली निसटतं, धडकच लागत नाही त्यांना, आणि पहिला धक्का बसतो तो काचेला आणि काचेच्या बाजूच्या खांबाला, म्हणजे थेट माणसाच्या तोंडासमोर. इतकं सगळं डोकं लावून केलेली थांबायची जागा तिथं वापरलीच जात नाही. धडकेच्या टेस्टमध्ये पाच तारे मिळालेली गाडी असली तरी. असे तारे देणाऱ्या भारत एनसीएपीची समोरची टेस्ट ६४ च्या वेगानं होते, पण ती गाडीच्या पुढच्या भागाला भेटणाऱ्या अडथळ्यावर होते, उंचावर लटकलेल्या ट्रॉलीवर नाही.

हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला कारण ट्रॉली त्यांच्याच घरच्या आहेत. मग एक पोरगा म्हणाला, "सर, मागं लोखंडी बार लावला तर?" बरोबर, ट्रकला असतो तसा खाली उतरवलेला आडवा बार, म्हणजे कारचा बंपर कशाला तरी भेटेल आणि चेपायला सुरुवात होईल. आता दोघातिघांच्या बाबांशी बोलणं चाललंय, गावातला वेल्डर तयार आहे, उंची किती ठेवायची म्हणजे शेतात उतरताना बांधाला अडकणार नाही यावर भांडणं चालू आहेत, आणि ती भांडणं पोरंच करताहेत. तोवर रिफ्लेक्टर टेप. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, रेडियम म्हणून जी साधी चकाकणारी पट्टी मिळते ती नको, ट्रकवाले लावतात ती मधाच्या पोळ्यागत नक्षी दिसणारी घ्या. लावायच्या आधी पत्रा थिनरनं पुसून कोरडा करा, मळीवर लावली तर आठवड्यात सुटते. आणि ऊस भरल्यावर झाकली जाईल अशा ठिकाणी लावू नका, फाळक्याच्या खालच्या कडेला लावा.

पुढच्या महिन्यात साइड इम्पॅक्ट, म्हणजे बाजूनं बसणारी धडक, घ्यायचाय. दाराला पुढच्यासारखी चेपायला जागाच नसते, त्यामुळे तिथलं डिझाइन वेगळं, आणि पोरांना दार मधोमध कापलेलं बघायचंय. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही, कुणाच्या गॅरेजमध्ये आतला लोखंडी आडवा बार शाबूत असलेलं जुनं दार पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी आम्हाला द्या, कापायला ग्राइंडर आमचा.