दोन हजार पाचची रेघ

मराठी भाषा गौरव दिन २०२२ साली रविवारी आला, म्हणून आमच्या ज्युनिअर कॉलेजात तो आदल्या दिवशी शनिवारी घेतला. चिपळुणातल्या महापुराला सात महिने झाले होते. तळमजल्यावरच्या वर्गांच्या भिंतींना हात लावला तर अजून गार लागत होत्या, आणि बाकांच्या सांध्यांत गाळ तसाच होता. काव्यवाचनाला मी विषय दिला होता ‘निसर्ग आणि आम्ही’. असल्या विषयाला काय येतं ते इतक्या वर्षांत पाठ झालंय. झाड बोलतं, नदी रडते, माणूस करंटा ठरतो आणि शेवटच्या कडव्यात सगळे मिळून रोपं लावतात. तरी विषय तोच दिला, कारण प्राचार्यांना तो चालतो.

परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. पहिल्या पाच-सहा जणांनी अपेक्षेप्रमाणे वसुंधरेची माफी मागितली. मग एका मुलाने स्वतःची कविता न वाचता कुसुमाग्रजांची ‘कणा’ म्हटली. स्पर्धेत ते बसत नव्हतं, पण कोणी अडवलं नाही. चिपळुणात ती कविता कशी अडवणार? पुरात सगळं गेलेला विद्यार्थी सरांकडे येतो, पैसे नाकारतो आणि पाठीवरच्या हाताने निघतो. पुरानंतर मदत घेऊन आलेल्या कित्येक टेम्पोंच्या बॅनरवर तिच्या ओळी होत्या. खराटे, फिनेल, चादरी आणि कुसुमाग्रज. सभागृहात मागच्या रांगेपर्यंत मुलं ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

त्याच्यानंतर बारावी कॉमर्सची एक मुलगी उठली. बाजारपेठेत तिच्या घरचं कापडाचं दुकान, वर राहती जागा. वर्गात कधी तोंड उघडणार नाही अशी. वहीचा कागद हातात धरूनच ती आली आणि माइक नको म्हणाली.

भिंतीवर दोन हजार पाचची रेघ होती.
आजोबांनी ऑइलपेंटने ओढलेली.
तिच्यावर हातभर जागा सोडून
बाबांनी फळ्या ठोकल्या.
पाणी रेघ न वाचताच वर गेलं.

आता नवी रेघ ओढायची तर शिडी लागेल.
साहेब, धीर भरपूर मिळाला,
शिडी कुठे मिळते ते सांगा.
आणि माझ्या मुलीची रेघ
कितव्या मजल्यावर, तेही.

एवढीच होती. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मुलं आपापल्या घरातली रेघ आठवत असावीत. चिपळूणच्या जुन्या घरांत २६ जुलै २००५ च्या पुराची खूण असतेच. व्यापारी माणूस तिच्यावर भरवसा ठेवून माल रचतो. त्याच भरवशावर २०२१ च्या २१ जुलैच्या रात्री लोकांनी खालचा माल वरच्या फळीवर ठेवला आणि झोपले. पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजूंनी शहरात शिरल्या, आणि पाणी २००५ च्या वर गेलं. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, म्हणजे १८६४ पासूनच्या लोटिस्माने, दोन्ही पूर सोसले. दोन्ही वेळा पुस्तकांचा लगदा उपसावा लागला.

प्राध्यापक महाशय गुणपत्रिकेवरून मान वर करून म्हणाले, “छान आहे, बाळ. पण ही कविता झाली का? हा तर अर्ज झाला.”

ती म्हणाली, “अर्ज पण दिलाय सर, एका ऑफिसात, सप्टेंबरमध्ये. त्याचं उत्तर नाही आलं.”

सभागृह हसलं. ती हसली नाही. टोमणा मारावा असा तिचा स्वभाव नव्हता, विचारलं तेवढ्याचं तिने उत्तर दिलं होतं. प्राध्यापकही मोकळे गृहस्थ निघाले. ‘शेवटी मुलगी कुठून आली?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

तिचं खरं होतं. दिवाळीनंतर वर्ग सुरू झाले तेव्हा मी एका तासाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. मार्शल बेटांची कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर २३ सप्टेंबर २०१४ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत उभी राहते आणि आपल्या सात महिन्यांच्या मुलीला उद्देशून कविता वाचते. समोर देशोदेशीचे प्रमुख. ती बेटं समुद्रापासून सरासरी जेमतेम दोन मीटर उंच, आणि ही बाई तान्ह्या मुलीला वचन देते की तुला कोणी गिळणार नाही. ती नुसती लिहीत बसली नाही. तिथल्या तरुणांना घेऊन तिने पर्यावरणासाठी संस्था उभी केली. मी ती फीत दाखवली ती परभाषेतल्या कवितेची ओळख म्हणून. कॉमर्सच्या वर्गाने ती बाजारपेठेत नेऊन ठेवली होती.

निकालात तिचा दुसरा नंबर आला. आमच्या गुणपत्रिकेत पाठांतराला दहा गुण असतात आणि ती कागदातून वाचत होती. पहिला नंबर झाडाच्या आत्मकथेला. मला तो पटला नाही, पण परीक्षकाचा निकाल तो निकाल.

खरा दिवस त्यानंतर सुरू झाला. कार्यक्रम संपल्यावर ती आणि तिच्या वर्गातली सात-आठ मुलं स्टाफरूमच्या दारात आली. निळ्या ऑइलपेंटचा डबा, दोन ब्रश, मोजपट्टी आणि कोणाच्या तरी मंडपवाल्या काकांची शिडी. बाजारपेठेत जिथे जिथे पाणी चढलं तिथे नवी रेघ मारायची, तारीख लिहायची आणि वर कवितेतली एक ओळ, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. मी बरोबर असलो तर दुकानदार हाकलणार नाहीत, एवढाच माझा उपयोग. प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, “कॉलेजच्या नावाने नको, तुम्ही नागरिक म्हणून जा.” तर मी नागरिक म्हणून निघालो.

पहिल्याच दुकानात काकांनी चहा मागवला आणि रेघ मारू दिली. दुसऱ्या दुकानातले भडकले. “अगो, रेघ मारून काय सांगतेस? उद्या गाळा विकायला काढला तर गिऱ्हाईक आधी ती रेघ बघेल. आधीच त्या लाल-निळ्या रेषांनी जीव खाल्लाय.” पाटबंधारे खात्याच्या नकाशावरच्या पूररेषा म्हणायच्या होत्या त्यांना. त्यांच्यामुळे बांधकाम अडतं, म्हणून अख्खं गाव त्यांच्यावर खार खाऊन होतं. मुलांची रेघ त्यांना त्याच जातीची वाटली, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला म्हणवत नाही. ज्याचा गाळा आहे त्याला भिंतीवरचा पूर रोज बघायचा नसतो.

तिसऱ्या दुकानासमोर तर सभाच भरली. पूर का आला यावर चिपळुणात दोन माणसांचं एकमत व्हायचं नाही. एक जण म्हणे नदीतला गाळ, डिसेंबरात तो उपसावा म्हणून साखळी उपोषण झालं ते काय उगाच? दुसरा म्हणे वरच्या डोंगरातली जंगलतोड. तिसरा कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर इकडे सोडलेलं पाणी, आणि कोळकेवाडी धरण घेऊन बसला, चौथा भरतीची वेळ सांगू लागला, पाचवा शिवनदीच्या काठावरची बांधकामं मोजू लागला. हवामानबदलाचं नाव कोणीच काढलं नाही. शेवटी आमच्यातला एक चष्मेवाला मुलगा शिडीवरूनच बोलला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलंय, की मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या, आणि त्याचं बाष्प आपल्या अरबी समुद्रातून येतं. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, हेही त्याने सांगितलं. “तुमची सगळी कारणं खरी आहेत काका, पण गाळ काढला तरी वरून येणारं पाणी वाढतंच आहे ना?”

“म्हणजे गाळ काढायचा नाही?” काका म्हणाले. जानेवारीपासून नदीत पोकलेन लागले होते. आता कुठे काम सुरू झालंय तर ही पोरं ते बंद पाडतील, अशी त्यांना खरीच भीती वाटली. तसं नाही हे काकांना समजावता समजावता मुलाच्या ब्रशवरचा रंग त्यांच्या पायरीवर ठिबकला, आणि वाद हवामानावरून पायरीवर आला. रॉकेलच्या बोळ्याने पायरी मीच पुसली.

माझं आणि त्या मुलीचं वाजलं ते तिच्या स्वतःच्या दुकानासमोर. तिचे बाबा म्हणाले, रेघ मारा, तारीख लिहा, उंची लिहा, पण कविता नको. गिऱ्हाईक विचारत बसतं. मी त्यांना समजवायला गेलो की ओळीमुळेच माणूस थांबून वाचेल, नुसत्या आकड्याकडे कोण बघतो. मराठीचा मास्तर, दुसरं काय बोलणार? तिने मला मधेच थांबवलं. “राहू दे सर. पाऊस लागला की सगळ्यांना आकडाच लागणारे. माल किती वर ठेवायचा ते ओळीवरून नाही कळत.”

“मग लिहिलीस कशाला?”

“हॉलमध्ये आकडा सांगितला असता तर त्या सरांनी ऐकला असता का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने शिडी लावली. आजोबांची रेघ खाली तशीच ठेवली आणि वर नवी मारून शेजारी तारीख लिहिली, २२-७-२०२१. बाबांनी शिडी धरली होती. उंचीचा आकडा त्यांनी दोनदा मोजायला लावला, कारण त्यांना तो कमी वाटत होता.

रंग संपला तेव्हा दिवेलागण झाली होती. उरलेल्या भिंती पुढच्या शनिवारी करायच्या ठरल्या. ज्यांनी नकार दिला त्यांच्याकडे पुन्हा जायचं की नाही यावर दोन तट पडले, आणि दुसऱ्या डब्याचे पैसे कोण घालणार यावर तर रस्त्यातच जुंपली. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाकीट काढलं.