आमची वाटचाल: डब्यातलं पाणी आणि लेबलवरचा आकडा

मांजरांचं डबाबंद खाणं बनवायला आम्ही एका मिन्सरवर सुरुवात केली, आणि तो मिन्सर आजही चालतो. 8 मिलिमीटरची जाळी, चार पात्यांची सुरी. सुरी बोथट झाली की मांस कापलं जात नाही, चेंगरतं. मग चरबी पसरते आणि डबा रिटॉर्टमधून, म्हणजे बंद डबे दाबाखाली शिजवणाऱ्या यंत्रातून, निघाला की वर पांढरा थर धरलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, यात चरबीच भरलीय. म्हणून मांस 2 अंशांच्या खाली असतानाच दळायचं, आणि एका सुरीची जाळी दुसरीला लावायची नाही. त्या दोघी एकमेकींवर झिजून बसलेल्या असतात.

मिश्रणाचं प्रमाण आमच्याकडे कुणी लपवत नाही. 1 किलो बिनहाडाच्या मांसाला 2 ग्रॅम टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल) आणि सुमारे 6 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. काळीज 50 ग्रॅमच्या वर नाही. जीवनसत्त्व अ अंगात साठत जातं आणि मानेचे मणके जखडतात. बाकी जीवनसत्त्वं वेगळी, त्यातलं थायमिन उष्णतेत मोडतं म्हणून जादा घ्यावं लागतं. खरी मेख मिसळण्यात आहे. 2 ग्रॅम पूड किलोभर खिम्यावर भुरभुरली तर एका डब्यात दुप्पट जाते, दुसऱ्यात जातच नाही. आधी मूठभर खिम्यात, मग त्याच्या चौपट खिम्यात, मग सगळ्यात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

मग आला तो तक्ता. कोरडे दाणे विकणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याने दुकानादुकानांत टांगला: त्यांचं प्रथिन 32 टक्के, आमचं 11. आकडे दोन्ही खरे, म्हणून तक्रारही करता येईना. आमच्या डब्यात 78 टक्के पाणी, त्यांच्या दाण्यात 8. पाणी काढून हिशेब करा: आमच्याकडे उरतात 22, त्यात 11 प्रथिन, म्हणजे 50 टक्के. त्यांच्याकडे उरतात 92, त्यात 32, म्हणजे जेमतेम 35. हा भागाकार आम्ही किती दुकानदारांना पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला! ते मान हलवायचे, आणि मागणी तक्त्याकडे बघून नोंदवायचे.

आणि प्रथिनाचा आकडा तरी काय असतो? प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. 2007 साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या खाण्यात चीनहून आलेलं गव्हाचं ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) होतं, आणि त्यात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळून हाच आकडा फुगवला होता. मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, आकडा मात्र उत्तम होता.

हे सगळं माहीत असूनही माती आम्हीच खाल्ली. वितरक म्हणाले, लेबलवरचा आकडा वाढवा. आम्ही खिमा आधी उकळून घेतला, पाणी निथळून टाकलं, मग डबे भरले. पाणी 74 वर आलं, प्रथिन 13 वर गेलं. भागाकार पुन्हा करून बघा: 13 भागिले 26, तेच 50. म्हणजे मिळवलं काहीच नाही. टॉरिन मात्र पाण्यात विरघळतं, आणि आमचं मिश्रण आधीच्याच टप्प्यावर, कच्च्या खिम्यात पडत होतं. ते सरळ मोरीत गेलं.

पकडलं एका गिऱ्हाईक बाईंनी. पहिल्या वर्षापासूनच्या. चार मांजरं, प्रत्येकाच्या वजनाची वेगळी वही. डबा उघडून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "रस कुठे गेला?" दुसऱ्या दिवशी नमुना तपासणीला गेला. पशुखाद्याचे निकष ठरवणारी अमेरिकेतली ॲफ्को ही संस्था डबाबंद खाण्यात कोरड्या वजनावर 0.2 टक्के टॉरिन मागते, कोरड्या दाण्यांत 0.1. डब्याला दुप्पट, कारण डब्यात बंद करून शिजवलेलं अन्न खाल्ल्यावर आतड्यातले जिवाणू टॉरिन जास्त फस्त करतात. आमचा डबा त्या 0.2 च्या बराच खाली निघाला. पाच बॅच परत बोलावून नष्ट केल्या. पगार थकले, रिटॉर्ट गहाण पडला.

घाबरण्यासारखंच होतं ते. टॉरिन कमी पडलं की हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगतं, हे अमेरिकी पशुवैद्य पॉल पायन यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं. वेळेत टॉरिन सुरू केलं तर हृदय बहुधा सावरतं. पण त्याच कमतरतेने डोळ्याचा पडदा एकदा गेला की गेला. लक्षणं दिसायला महिने लागतात, तोवर मांजर मजेत दिसतं. आता आमच्याकडे मांसाचा रस डब्याबाहेर जात नाही आणि दर बॅचचं टॉरिन डबा शिजल्यानंतर मोजलं जातं. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. लेबलवर प्रथिन, चरबी, पाणी, राख (म्हणजे खनिजं) आणि तंतू यांची बेरीज करून 100 मधून वजा करा. उरतात ते साधारण पिष्टमय पदार्थ. तो आकडा बहुतेक जण छापत नाहीत. "पूरक आहार" लिहिलेला डबा रोजचं जेवण म्हणून चालत नाही, "संपूर्ण आणि संतुलित" हे शब्द शोधा, आणि ते पिल्लांसाठी आहे की मोठ्यांसाठी तेही वाचा. नुसतं शिजवलेलं चिकन घालत असाल तर कॅल्शियम जवळजवळ शून्य जातं आणि शरीर ते हाडांतून ओढून घेतं. खाणं बदलताना पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. आठ-दहा दिवस लागू द्या. "भूक लागली की खाईल" हा हट्ट मांजरापुढे करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी भरते आणि मग ते खायचंच सोडतं. एक दिवस तोंड लावलं नाही तर जुनं खाणं परत द्या; तेही नको म्हणालं तर डॉक्टरकडे न्या.

लेबलवर आम्ही आता दोन रकाने छापतो, पाण्यासकट आणि पाण्याविना. वितरक अजून म्हणतात, पहिला रकाना काढून टाका, वाईट दिसतो.