पेटी क्र. 3 : कोपरे एकदाचे जमले!

मंडळी, काल संध्याकाळी गच्चीवर माझ्या घरी बनवलेल्या तिसऱ्या पेटी-कॅमेऱ्याच्या पडद्यावर, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पाहिली. मधली अक्षरंही स्पष्ट आणि कोपऱ्यातल्या दोरीवरचे चिमटेही. दीड महिना याचसाठी चालला होता.

पेटीत पेटी सरकवून पडदा पुढेमागे नेण्याचं काम आधीच झालं होतं. आतली पेटी भिंगापासून 400 मि.मी.पर्यंत मागे येते. 200 मि.मी. नाभीय अंतराच्या (दूरच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जितक्या अंतरावर जुळतं ते अंतर) भिंगापुढे 400 मि.मी.वर काडेपेटी ठेवली, तर पडद्यावर उलटी पण अगदी तेवढ्याच मापाची उमटली. पट्टी लावून दोनदा मोजली. फार आनंद झाला.

अडलं होतं ते कोपऱ्यांवर. मध्य जुळवला की कडा पिठूळ. पडदा सात-आठ मि.मी. पुढे घेतला की कडा येत, मध्य जाई. पेटी वाकडी असेल म्हणून गुण्या लावून सगळे सांधे तपासले, भिंगाची खाच पुन्हा कोरली. काही फरक नाही. दोष पेटीत नव्हताच. एकेरी भिंगाची प्रतिमा सपाट पडतच नाही, वाटीसारखी भिंगाकडे वळते, आणि आपला कागद सपाट.

मग दोन्हीकडून फुगीर असलेलं भिंग काढलं आणि चष्म्याच्या दुकानातून +5 नंबरची न कापलेली काच आणली, एका बाजूने फुगीर, दुसरीकडून खोलगट, सिलिंडर (तिरका नंबर) नसलेली. (ऑनलाइन भिंगांवर नुसतं 'इतके पट' लिहिलेलं असतं, त्यावरून पेटीचं माप काढता येत नाही. चष्म्याचा नंबर खात्रीचा: 1000 भागिले 5, झाले 200 मि.मी.) आधी फुगीर बाजू बाहेर ठेवली, काही जमेना. इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टनने 1812 मध्ये केलं तसं खोलगट बाजू बाहेर आणि तिच्यापुढे 30 मि.मी.वर 12.5 मि.मी. भोकाचा काळा पुठ्ठा लावला. चित्र अंधारलं, काळं कापड डोक्यावर घ्यावंच लागतं, पण कोपरे आले!

पुढच्या रविवारी कृष्णधवल फोटो पेपर लावायचा बेत होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, साधा फोटो पेपर मुख्यतः निळाच प्रकाश टिपतो, आणि निळा प्रकाश भिंगाच्या जरा जास्त जवळ जुळतो. डोळ्याने जुळवलेलं कागदावर पुसट येईल. तेव्हा आधी निळा जिलेटिन कागद भिंगापुढे धरून जुळवून बघतो, मगच फोटो पेपरचं पाकीट उघडतो.