११८ किलोमीटर, एक घाट आणि दहा अँपिअर

पेट्रोलची जुनी गाडी इलेक्ट्रिक करून दारात उभी केली की येणारा-जाणारा एकच विचारतो, "किती चालते?" मी सांगतो, शंभराच्या आसपास. पण घाटापलीकडे मित्राकडे एक रात्र राहून आल्यापासून मला वाटतं, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की वाटेत प्लग कुठे लावणार आणि तो किती अँपिअर सोसणार?

आधी गाडीची कुंडली. जुनी छोटी हॅचबॅक. इंजिन, सायलेन्सर, रेडिएटर, टाकी सगळं काढलं. जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याला मोटर जोडली. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ४५ सेल एका माळेत, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास. म्हणजे १४४ व्होल्ट आणि साधारण १४.४ युनिट. बॅटरी २० टक्क्यांखाली न्यायची नाही असा नेम ठेवला, तर हाताशी साडेअकरा युनिट उरतात. ५५-६० च्या वेगाने सपाटीवर एका युनिटला ८.७ किलोमीटर पडतात. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा. फास्ट चार्जिंग नाही. पैसे वाचवून केलेल्या गाडीला ते बहुधा नसतंच.

जायचं होतं ११८ किलोमीटर. पहिले ६२ सपाट, मग ११ किलोमीटरचा घाट, ६०० मीटर चढ, आणि वर पठारावर ४५. घाटाचा हिशोब आधीच करून ठेवला होता. आम्ही दोघं भाऊ आणि सामान धरून गाडी ११०० किलोची. एवढं वजन ६०० मीटर उचलायलाच १.८ युनिट लागतात. टायरचं घर्षण आणि मोटर व कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं यंत्र) यांच्यातली गळती धरली तर तीनच्या घरात. हा हिशोब कागदावर केलेला बरा, कारण डॅशबोर्डवरचा "उरलेले किलोमीटर"चा आकडा मागच्या सपाट रस्त्यावरून काढलेला असतो. त्याला पुढचा डोंगर दिसत नाही.

पायथ्याला पोचलो तेव्हा ७.३ युनिट शिल्लक होती. वर जायला आठ-सव्वाआठ लागणार, शिवाय राखीव वेगळं. म्हणजे चार्ज करणं भागच होतं, आणि त्यासाठी तिथलं एक चार्जिंग स्टेशन हेरून ठेवलं होतं. तिथे दोन गन होत्या. एक डीसी, म्हणजे फास्ट चार्जिंगची, ती आमच्या कामाची नाही. दुसरी टाइप-२, म्हणजे साध्या एसी चार्जिंगची. ती बसली, पण चार्जिंग सुरू होईना. अशा गनमधून वीज सुटण्याआधी गाडी आणि स्टेशन यांच्यात एका बारीक तारेवरून संकेतांची देवाणघेवाण व्हावी लागते. कन्व्हर्ट केलेल्या गाडीत ते सर्किट नीट बसवलेलं नसेल, तर स्टेशनला गाडी लागलेलीच दिसत नाही. चाळीस मिनिटं खटपट केली, शेवटी नाद सोडला. तुमच्या गाडीला टाइप-२ चा सॉकेट असेल, तर घराजवळच्या दोन वेगवेगळ्या स्टेशनांवर तो एकदा लावून बघा आणि मगच त्याच्या भरवशावर बाहेर पडा. आणखी एक, स्टेशन २२ किलोवॅटचं असलं तरी ३.३ चा चार्जर ३.३ च घेणार. मोठ्या पाटीला भुलून वाट वाकडी करू नका.

भाऊ म्हणाला, "समोर वेल्डिंगचं दुकान आहे, तिथे विचारू." या प्रवासातली सगळ्यात शहाणी सूचना हीच. वेल्डिंग मशीन जिथे चालतं, तिथली वायरिंग दणकट असते. हॉटेलातल्या किंवा पानाच्या टपरीतल्या सॉकेटपेक्षा तिच्यावर माझा विश्वास जास्त. मी आधीच सांगून टाकलं, मीटर लावतो, जेवढी युनिट होतील तेवढ्यांचे पैसे देतो. सॉकेटमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर जवळ ठेवा, समोरच्याचा संकोच निम्मा होतो.

दुकानवाल्या काकांनी माझी एक्स्टेन्शन हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "पातळ आहे. आणि गुंडाळी सगळी सोडा, गुंडाळलेली वायर तापते." त्यांनी स्वतःची जाड केबल काढून दिली. व्होल्टेज जेमतेम २०५ होतं. मी चार्जर १० अँपिअरवर आणला. अडीच तासांत मीटरवर ५.१ युनिट पडली, त्यातली ४.७ बॅटरीत पोचली. चार्जरचा करंट कमी-जास्त करता येणं ही चैन नव्हे. तुमच्या चार्जरला ती सोय नसेल, तर बाकीचं सगळं राहू द्या, आधी ती करून घ्या.

घाटात मात्र चूक माझी. तिसरा गिअर टाकून निघालो, सवयीने. तीन किलोमीटरवर कंट्रोलरचं तापमान ८५ अंशांवर गेलं आणि त्याने स्वतःच ताकद उतरवली. मागे ट्रक, त्याचा हॉर्न, आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने कडेला. बॉनेट उघडून वीस मिनिटं उभे. इलेक्ट्रिक गाडीला गिअर कशाला, असं म्हणणारे इथे फसतात. मोटरला जोर लावायला करंट लागतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दुसऱ्या गिअरमध्ये मोटर जास्त फिरते, पण तेवढ्याच चढाला करंट एक तृतीयांशाने कमी लागतो, म्हणजे उष्णता निम्म्याहूनही खाली येते. दुसरा टाकला, ३० चा वेग धरला, आणि माथ्यापर्यंत तापमानाचा काटा सत्तरच्या पुढे गेला नाही. मित्राच्या दारात पोचलो तेव्हा २६ टक्के उरले होते. एकूण सव्वासहा तास लागले. कोणी विचारलं तर भाऊ अजूनही सात सांगतो.

काकांचा सल्ला मी रात्रीपर्यंत विसरलो. मित्राच्या घरी माझीच एक्स्टेन्शन लावली, अर्धी रिळावर गुंडाळलेली. तासाभराने सहज हात लावला तर प्लग चटका देत होता, आणि एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. नशीब, तेव्हा झोपलो नव्हतो. वायर पूर्ण उलगडली, सॉकेट बदलला, आठ अँपिअरवर आणलं. परक्या घरात चार्जिंग सुरू केल्यावर पंधरा मिनिटांनी आणि तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची हवी, आणि अर्थिंग नसेल तिथे लावूच नका.

परतीला वाटेत कुठेच थांबावं लागलं नाही. घाट उतरताना ब्रेकिंगमधून ०.९ युनिट परत आलं. पठारावरचे ४५ किलोमीटर आधी झाल्यामुळे बॅटरीत जागा होती म्हणून. घाटमाथ्यावरूनच निघणार असाल तर रात्री ८५ टक्क्यांवर थांबा, कारण भरलेली बॅटरी ही वीज घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तोही अशा गाडीत, जिथे इंजिनच नसल्यामुळे ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो. उतरण्याआधी त्या पंपाचा आवाज येतोय ना ते ऐका, आणि त्याचा एक जादा फ्यूज खिशात असू द्या.

शेवटच्या आठ किलोमीटरवर पाऊस लागला आणि बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट, ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबला की ३१ नंबरचा सेल २.७५ व्होल्टवर, बाकीचे ३.१ वर. माळेतला सर्वात कमजोर सेल संपला की गाडी संपली, म्हणून पाय हलका केला आणि ४५ ने घरी आलो. १९ टक्के उरले. हा टक्का शंटवरून, म्हणजे बॅटरीत आत-बाहेर गेलेला करंट मोजणाऱ्या तुकड्यावरून, काढलेला आहे, व्होल्टेजवरून नव्हे. या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. व्होल्टमीटरवर भिस्त ठेवणारा माणूस ऐन रस्त्यात फसतो.

सेल गेला, असंच धरून चाललो होतो. नवा कुठे मिळेल याची चौकशीही सुरू केली. रविवारी सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीची माळ तोडणारा प्लग) काढून, इन्सुलेटेड हातमोजे घालून पेटी उघडली. सेल ठणठणीत होता. सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीचा, म्हणजे बसबारचा, नट ढिला होता, म्हणून जोर लावला की तिथे व्होल्टेज पडायचं. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट आवळणारा) लावला, नट अर्ध्या आट्याहून जास्त फिरला. तसाच आणखी एक निघाला, १२ नंबरचा.