बोटीच्या इंजिनचं कॉम्प्रेशन कमी दाखवतंय? बोअर मारायच्या आधी हे बघा

मे महिना निम्मा सरला की आमच्याकडं रबरी बोटी गोडाऊनमधनं बाहेर निघतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना चिखली-आंबेवाडीला बोट का लागते ते सांगायला नको. तर तालमीच्या पोरांनी त्यांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं लावायचं इंजिन) आणलं, दोन सिलिंडरचं, स्टार्टरची दोरी हलकी लागते म्हणजे आतला दाब, कॉम्प्रेशन, कमी, स्टार्ट होतंय पण चार माणसं बसली की ओढत नाही. एका गॅरेजवाल्यानं नुसती दोरी ओढून सांगितलेलं की बोअर मारा, म्हणजे सिलिंडर आतनं कापून मोठा करा, आणि ओव्हरसाइज पिस्टन टाका. हे मला पटतच नाही, मापल्याशिवाय लेथवर ब्लॉक चढवायचा कशाला?

कॉम्प्रेशन मापायचा गेज उद्यमनगरातल्या कुठल्याही टू-व्हीलर मेकॅनिककडं मिळतोय, या इंजिनच्या प्लगचे आटे आरएक्स १०० सारखेच १४ एमएमचे. इंजिन पाण्याच्या पिंपात थोडं चालवून गरम करा, कोरडं चालवलं तर गार पाणी फिरवणाऱ्या इंपेलरचं रबर जळतंय. मग दोन्ही प्लग काढा, एकेका भोकात गेज बसवा, प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सुई चढायची थांबेपर्यंत दोरी ओढा. थ्रॉटल बंद ठेवून मापलं तर चांगलं इंजिनसुद्धा आजारी दाखवतंय. आकडा गेजगणिक बदलतो म्हणून दोन सिलिंडरमधला फरक जास्त महत्त्वाचा, १० टक्क्यांपर्यंत ठीक. आमचा वरचा ११५ पीएसआय आणि खालचा ८०.

आता डोकं लावायचं. दोन्ही सिलिंडर सारखेच पडले असते तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) आधी बघितलं असतं. इथं एकच पडलाय म्हणजे पहिला संशय पिस्टनच्या रिंगवर नाहीतर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. काहीजण रीड व्हॉल्व्हवर (इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या झडपेवर) जातात, पण तो पिस्टनमागच्या क्रँककेसच्या बाजूचा, तो खराब असला तरी प्लगच्या भोकातला आकडा पडत नाही. चमचाभर ऑइल टाकून परत मापायची पद्धत पण आहे, पण आउटबोर्डचा सिलिंडर आडवा असतो, ऑइल खालच्या बाजूलाच साठतंय, त्यामुळं मी त्यावर निकाल देत नाही.

खरी गोष्ट एक्झॉस्ट कव्हर काढल्यावर दिसते. मालवणकडची इंजिनं असली तर खाऱ्या पाण्यानं हे बोल्ट गंजून तुटतात, आमचं पंचगंगेचं गोडं पाणी, निवांत सुटले. खालच्या सिलिंडरच्या पोर्टमधनं (धूर जायच्या भोकातनं) पिस्टन समोर येईल असं फ्लायव्हील फिरवलं आणि लाकडी काडीनं रिंग दाबल्या. खालची रिंग आत जाऊन परत बाहेर आली, वरची रिंग जाग्यावरनं हललीच नाही, खाचेत डांबरासारखा कार्बन बसलेला. बोअरला बॅटरी मारून बघितलं, ॲल्युमिनियमचा एकपण ओरखडा नाही, होनिंगच्या (कारखान्यात घासून काढलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. असल्या बोअरला कटर लावणं म्हणजे पोरांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे पाण्यात घालणं!

कारण विचारल्यावर कळलं. पेट्रोल-ऑइल ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, पण इंजिनला चांगलं म्हणून हे अंदाजानं जास्तच ओतायचे, आणि चालवायचं कायम हळू. पेट्रोल पण गेल्या पावसाळ्यातलं. इथेनॉलवालं पेट्रोल पडून राहिलं की हवेतलं पाणी ओढतंय, ते पाणी-इथेनॉल तळाला बसतंय आणि त्यात ऑइल मिसळत नाही, तसलं इंजिनमध्ये गेलं तर पिस्टन धरू शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. ते सगळं ओतून टाकायला लावलं.

कार्बन क्लीनर रात्रभर मुरवून ठेवला, थोडाच फरक पडला, मग पिस्टन बाहेर काढला. जुन्या रिंगच्या तुकड्यानं खाच खरवडली, नवीन रिंग टाकल्या. यात एक गोष्ट जिवापाड सांभाळायची, टू-स्ट्रोकच्या खाचेत बारकी पिन असते, रिंगची दोन्ही टोकं त्या पिनच्या दोन बाजूंनाच आली पाहिजेत. नाही आली तर टोक पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते आणि मग खरंच बोअर मारायची पाळी येते. परत मापल्यावर दोन्ही सिलिंडर ११५ च्या आसपास आले. आकडे आणि तारीख मार्करनं इंजिनच्या झाकणाच्या आतनं लिहून ठेवलेत, पुढच्या मे मध्ये ताडून बघायला.