सर, मोकळ्या आवारात एक ओढली तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी शिकवतो. आमच्या आवारात 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी आहे आणि तक्रार कुणाकडे करायची म्हणून तिच्यावर माझं नाव आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ते लिहावंच लागतं. त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. मुलं विचारतात, पालक विचारतात, सहकारीही विचारतात : "वर्गात नाही, लायब्ररीत नाही; लांब झाडाखाली उभं राहून ओढली तर कुणाला त्रास?"

धुराचा त्रास म्हणाल, तर झाडाखाली तो फारसा होत नाही, हे मला मान्य आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठाचं आवार सुमारे ८५० एकरांचं. तिथं एका कोपऱ्यातला धूर दुसऱ्या कोपऱ्यात पोचणार नाही. पण पावसाळ्यात झाडाखाली कोण उभं राहतं? सगळे जिन्याखाली आणि व्हरांड्यात येतात, आणि मग दम्याच्या मुलीला त्या धुरातूनच वर्गात जावं लागतं. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात थोटूक पडलं तर काय होतं, ते इथं कुणाला सांगायला नको. शिवाय थोटकातला फिल्टर कापसाचा वाटतो, पण तो असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. झाडलोट करणाऱ्या मावशींना तो फरशीच्या फटीतून नखानं उकरून काढावा लागतो.

तरी माझं खरं कारण हे नाही. मी बंदीच्या बाजूनं आहे तो ज्यानं अजून सिगारेट ओढलेली नाही त्याच्यासाठी.

चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीतून पोरगं बारावी होऊन इथं येतं. १९०१ पासून, शाहू महाराजांनी वसतिगृहं सुरू केली तेव्हापासून, खेड्यातले आईबाप लेकरू कोल्हापूरच्या हवाली करून निर्धास्त परत जातात. त्या पोराला पहिल्या महिन्यात मित्र हवे असतात, आणि मित्र भेटतात चहाच्या गाड्यावर. मी हे फार जवळून बघतो. आधी तो नुसता चहाला जातो. मग कुणीतरी "धर जरा" म्हणत सिगारेट त्याच्या हातात देऊन मोबाईल काढतो. टपरीच्या खांबाला दोरीनं लायटर बांधलेला असतोच. थोड्याच दिवसांत तोही म्हणतो, "एक सुट्टी द्या." सुट्टी सिगारेट खिशाला परवडते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेलं ते भयंकर चित्र तिच्यासोबत येत नाही. म्हणूनच महाराष्ट्रानं २०२० मध्ये सुट्ट्या विक्रीवर बंदी घातली. ती किती पाळली जाते, हे तुम्ही-आम्ही रोज बघतोच.

निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लागलेली सवय पुढं तिशी-चाळिशीत सोडताना माणूस कसा रडकुंडीला येतो, तेही मी पाहिलं आहे. म्हणून आवारात ओढणं अवघड व्हावं, लांब जावं लागावं, चारचौघांत ते सहज दिसू नये, एवढीच माझी इच्छा आहे. ज्याला सवय आहे त्याचा मी शत्रू नाही.

"मग आम्हाला एक वेगळी जागा तरी द्या," असंही मुलं म्हणतात. ते कॉलेजच्या हातात नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात शिक्षणसंस्था सार्वजनिक ठिकाणांत मोडतात. स्मोकिंग रूमची सवलत आहे ती विमानतळांना आणि मोठ्या हॉटेल-रेस्टॉरंटना. त्याच कायद्यानं शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायलाही मनाई आहे. हे १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, फाटकापासून नव्हे, कंपाउंडच्या भिंतीपासून मोजायचे असतात. ही एक गोष्ट नीट पाळली तरी निम्मं काम होईल, असं मला वाटतं. ओढणाऱ्याला होणाऱ्या दोनशे रुपयांच्या दंडापेक्षा ती नक्कीच जास्त उपयोगी पडेल.

दंडाचं ओझं शेवटी येतं गेटवरच्या मामांवर. ते मुलांना हटकतात. पण पार्किंगमध्ये गाडीला टेकून ओढणाऱ्या प्राध्यापकांना मामा काय बोलणार? आणि मुलं ते बघत असतात. बंदी स्टाफरूमपासून सुरू झाली नाही, तर ती मुलांनी का पाळावी? हे मी मीटिंगमध्ये बोललो तेव्हा काहींना झोंबलं. पण ते बोलायलाच हवं होतं.

निपाणीकडच्या एका मुलानं मला विचारलं होतं, "सर, आमच्या घरी तंबाखूच पिकतो. आई विड्या वळते, हजारावर मजुरी मिळते. त्यातनंच माझी फी भरली जाते. मग तो वाईट कसा?" त्याच्या आईच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. दिवसभर तंबाखूची धूळ तिच्याच नाकातोंडात जाते. तिला दुसरं बरं काम मिळावं, ही सरकारची जबाबदारी आहे. पण ती एवढं राबते ते पोरगं शिकावं म्हणून, त्यानं विडी ओढावी म्हणून नव्हे, हे त्यालाही पटलं.

सवय लागलेल्यांना नुसतं हाकलून चालत नाही. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, लक्ष लागत नाही, आणि त्यात परीक्षा असेल तर विचारूच नका. अशा मुलांना मी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर देतो, डॉक्टरांकडे घेऊन जातो. निकोटीनचा च्युइंगमही मेडिकलमध्ये मिळतो.

आणि आपल्याकडचा मोठा रोग तर वेगळाच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. धूर दिसतो म्हणून आपण त्याच्यामागं लागतो. मावा, म्हणजे सुपारीत मळलेला तंबाखू, गालात दडवून पोरगं पहिल्या बाकावर बसतं आणि कुणाला कळतही नाही. आमच्या पाटीवर फक्त धूम्रपान लिहिलं आहे. कॉलेजनं स्वतःचा नियम करून त्यात मावाही घालावा, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे.